जिल्ह्याची प्राणी सोसायटी नेमकी असते कुठे?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा.

आपल्या जिल्ह्यात 'प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी' नावाची एक संस्था आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? ही कुणाची खासगी एनजीओ नव्हे. कायद्याने स्थापन झालेली सोसायटी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष, पशुसंवर्धन खात्याचे जिल्ह्यातले वरिष्ठ अधिकारी सदस्य सचिव. गेल्या महिनाभरात मी हा प्रश्न दोन नगरसेवक, एक वकील, एक मुख्याध्यापक आणि पोलीस ठाण्यातल्या एका ओळखीच्या हवालदारांना विचारला. एकानेही 'हो, माहीत आहे' म्हटलं नाही. एका नगरसेवकाने उलट मलाच विचारलं, "ती कुत्र्यांना बिस्किटं घालणारी पोरं का?"

नाही साहेब. ती पोरं वेगळी. आणि सगळा घोळ इथेच आहे.

गावात प्राण्याचं काहीही झालं की आपण त्या पोरांना फोन लावतो. बायपासला गाडीने वासरू उडवलं, लावा फोन. विहिरीत कुत्रं पडलं, लावा फोन. पतंगाच्या मांजात घार अडकली, लावा फोन. ही पाच-सहा पोरं. कोणी मोबाईलच्या दुकानात, कोणी कॉलेजात. पेट्रोल स्वतःचं, औषधं उधारीची, आणि वर गल्लीतल्या लोकांच्या शिव्या. "तुम्हीच खायला घालता म्हणून कुत्री वाढली." दुसऱ्या बाजूला ज्याच्या पोराला कुत्रं चावलंय तो बाप. त्याचा राग खोटा आहे का? अजिबात नाही. रेबीज एकदा अंगात भिनला की माणूस वाचत नाही. तो बाप भांडणार नाही तर काय करणार?

पण दोघं भांडतात ते एकमेकांशी. आणि ज्यांनी हे काम करायचं, ते दोघांच्याही नजरेत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे: प्राणी कल्याण हे चार हळव्या पोरांचं कौतुक करून सोडून देण्याचं काम नाही. ती व्यवस्था आहे, कागदावर पूर्ण आखलेली आहे, आणि ती झोपवून ठेवलेली आहे.

आता कागद काय म्हणतो ते बघा.

१९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याखाली १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ आलं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवी अरुंडेल. पुढे २००१ मध्ये केंद्राने नियम काढले की प्रत्येक राज्याने प्रत्येक जिल्ह्यात अशी सोसायटी स्थापन करायची. मुदत किती? सहा महिने!

सोसायटीची रचनाही नियमात आहे. व्यवस्थापन समितीत अधिकारी असतीलच, पण प्राण्यांसाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांचे किमान दोन प्रतिनिधी हवेत, शक्यतो जिल्ह्यातलेच. आणखी दोन जण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने निवडून द्यायचे. नीट वाचा: निवडून द्यायचे. म्हणजे सोसायटीला सभासद असले पाहिजेत, सभा झाली पाहिजे. सरकारने सोसायटीला दवाखाना आणि निवारा बांधायला पुरेशी जमीन द्यायची. तिथे पूर्णवेळ पशुवैद्य नेमायचा. सोसायटीने अधिकृत केलेल्या माणसाला संशयावरून गाडी थांबवून आतलं जनावर तपासण्याचा अधिकारसुद्धा नियमांनी दिलाय.

हे सगळं माझ्या मनातलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं छापील आहे.

मग मी माहिती अधिकारात चार साध्या गोष्टी विचारल्या. शेवटची बैठक कधी झाली? सभासद किती? निवारा कुठे? गेल्या वर्षात किती प्रकरणांत कारवाई केली? उत्तर आलं, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. चारही प्रश्नांना मिळून हे एकच उत्तर. बैठक झाली असती तर इतिवृत्त असतं, सभासद असते तर रजिस्टर असतं. त्यात संकलित काय करायचंय? मी प्रथम अपील टाकलंय. निकाल आला की इथे टाकेन.

काही जण म्हणतील, माणसांचं बघायला वेळ नाही आणि तुम्ही जनावरांचं काय काढलंत? त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

१८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या शिपायांनी कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगल झाली. पण ती नुसती दंगलीवर थांबली नाही. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. १८७४ मध्ये मुंबईची एसपीसीए स्थापन झाली. पुढच्या दहा वर्षांत परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल उभं राहायला लागलं, ते आजही चालू आहे. आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे जनावरांच्या दयेपोटी जे उभं राहिलं त्यातून डॉक्टर घडवणारी संस्था निघाली. त्याचा फायदा पुढे कुणाला झाला? गोठ्यात म्हैस असलेल्या तुमच्या-माझ्या घरालाच ना? दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना वेळ होता आणि आपल्याला नाही, हे पटत नाही.

आता आपल्याकडे ही सोसायटी जागी असती तर काय फरक पडला असता, ते सांगतो. तीनच गोष्टी घेतो.

पहिली, कुत्री. २०२३ च्या नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी. काम द्यायचं ते मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेला. कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, ओळखीसाठी कानाला खाच मारायची. बिलं खोटी निघू नयेत म्हणून शस्त्रक्रियेत काढलेले अवयवसुद्धा देखरेख समितीने मोजायचे, इतकी बारीक तरतूद आहे. आपल्याकडे काय होतं? निविदा निघते, प्रतिसाद येत नाही, फाईल बंद. मग ओरड वाढली की रात्री गाडी भरून कुत्री शेजारच्या गावाच्या हद्दीत. तिकडची इकडे, इकडची तिकडे. लस नाही, नसबंदी नाही, नुसती वाहतूक! त्यात २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका. ठीक आहे. निवारा कुठे आहे? ज्या सोसायटीने तो पंचवीस वर्षांत बांधायचा होता, तिचा पत्ता विचारला तर माहिती संकलित नाही.

दुसरी, बैल. कारखान्याच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या तुम्ही रोज बघता. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. अणकुचीदार काठी वापरायची नाही. मार्च महिन्यात चढावर गुडघे टेकलेला बैल बघून आपण हळहळतो आणि गाडीवानाला दोन शब्द सुनावतो. अहो, त्या गाडीवानाची अवस्था बैलापेक्षा फार वेगळी आहे का? उचल घेऊन परजिल्ह्यातून आलेला माणूस, पहाटेपासून बायको-पोरांसकट फडात. खेपा ठरवतो मुकादम, गाडी कधी रिकामी करायची ते ठरवतं कारखान्याचं गव्हाण. सोसायटीचं काम गाडीवानाकडून पावती फाडायचं नाही. हंगाम सुरू होण्याआधी कारखान्याला बोलवायचं, गाडीतळावर पाणी, सावली आणि पशुवैद्य आहे का बघायचं, हे तिचं काम आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली सोसायटी कारखान्याला पत्र पाठवू शकत नाही, असं मला कुणी सांगू नका.

तिसरी, शर्यती आणि गाड्यांची तपासणी. बैलगाडा शर्यतीला १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, गावोगावी गुलाल उधळला गेला. मीही बातमी आनंदाने केली होती, लपवत नाही. पण ती मान्यता अटींवर आहे, आणि परवानगी देतात जिल्हाधिकारी. म्हणजे परवानगी देणारे आणि सोसायटीचे अध्यक्ष एकच. मग अटी पाळल्या की नाही ते बघायला सोसायटीचा एक माणूस घाटात का नसतो? तसंच जनावरांच्या वाहतुकीचं. रात्री हायवेवर कोणीही टोळकं उठतं, गाडी अडवतं, ड्रायव्हरला मारतं, व्हिडिओ टाकतं. हा अधिकार त्यांना कुणी दिला? नियमाने अधिकृत केलेला माणूस ओळखपत्रासह आणि पोलिसांबरोबर उभा असता, तर खरा गुन्हेगार सुटला नसता आणि बाजारातून बैल घेऊन निघालेला शेतकरीही नाहक अडकला नसता. व्यवस्था झोपली की रस्ता टोळक्यांचा होतो.

कायदाही जुनाट आहे, हे मान्य. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. आजही! वडापाव आणि कटिंग चहाच्या पैशात विषय संपतो. जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तक्रार घेऊन ठाण्यात जाणार कोण आणि पाठपुरावा करणार कोण? तेच, दुकानातून सुट्टी काढून, ती पोरं.

आता पोरांनाही दोन शब्द. राग मानू नका. जखमी कुत्र्याचा फोटो टाकून वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड देऊ नका. तुमची दानत मला माहीत आहे, पण उद्या कोणी हिशोब विचारला तर तुमच्याकडे वही नसेल. रीतसर संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. कागद नीट असला की मंडळाची मान्यता मागता येते, नसबंदीचं काम मागता येतं, आणि जिल्हा सोसायटीत प्रतिनिधी म्हणून हक्काने बसता येतं. आज तुम्ही सचिवांच्या केबिनबाहेर तासभर उभे असता. कागद असेल तर आत खुर्ची मिळेल. आणि तुमच्यासारख्याच नावाने पैसे गोळा करून गायब होणारे जे आहेत, त्यांच्यापासून तुम्ही वेगळे दिसाल.

अधिकाऱ्यांवर माझा वैयक्तिक राग नाही. पशुसंवर्धन खात्यात पदं रिकामी, लम्पीच्या काळात याच लोकांनी दिवसरात्र गोठे पालथे घातले, ते मी पाहिलंय. पण म्हणूनच तर नियमात बाहेरचे सदस्य, निवडून आलेले सदस्य ठेवलेत ना? अधिकाऱ्याला वेळ नसेल तर नागरिकांनी ओढायचं, अशी ती रचना आहे. ती दारं उघडा एवढंच मागणं आहे.

तर जिल्हाधिकारी महोदयांना जाहीर विनंती:

१) सोसायटीची बैठक लावा आणि तिचं इतिवृत्त प्रसिद्ध करा.
२) सभासद नोंदणी खुली करा, अर्ज आणि वर्गणी किती ते जाहीर करा.
३) निवारा आणि दवाखान्यासाठी जागा निश्चित करा.
४) पुढच्या गळीत हंगामाआधी कारखान्यांची बैठक घ्या.

यात एकही मागणी नवीन नाही. नियमात आहे तेच मागतोय.

आणि तुम्हाला, वाचकांना. सोमवारी मी सभासदत्वासाठी लेखी अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहे. आवक-जावक विभागात पोच घेणार. कुत्र्यांवर प्रेम करणारे या, कुत्र्यांचा वैताग आलेले तर आवर्जून या. ज्या बापाच्या पोराला कुत्रं चावलं त्याचा अर्ज या सोसायटीत सगळ्यात आधी लागला पाहिजे. एका माणसाच्या अर्जाला 'माहिती संकलित नाही' असं उत्तर देता येतं. शंभर अर्जांना ते देता येत नाही.

सकाळी ११ वाजता, मुख्य दाराशी. आधार कार्डची झेरॉक्स बरोबर ठेवा.