जुन्या खोक्यात नवा एआय: अशी शिल्पं बघताना काय विचारायचं?

जुना टीव्ही, टाईपरायटर किंवा टेपरेकॉर्डर, आणि आत बसवलेला एआय. अशा शिल्पांची एखादी रील तुमच्याही फीडवर आली असेल. खाली वाद ठरलेला: ही कला की नुसती करामत? मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो. ते खोकं उघडलं, तर आतलं कुणाला कळेल का?

डिसेंबर २०२५ मध्ये मायामीच्या 'आर्ट बाझल' मेळ्यात अमेरिकी कलाकार बीपल याचे यांत्रिक कुत्रे गाजले. धड रोबोचं, तोंडं इलॉन मस्क, मार्क झुकरबर्ग, पिकासो अशांची. हे कुत्रे समोरच्यांचे फोटो काढायचे, एआय त्यांचं रूप पालटायचा आणि शेपटीखालून छापील चित्र पडायचं, जुन्या इन्स्टंट कॅमेऱ्यातून पडावं तसं. आपण जग कोणाच्या नजरेतून बघतो, हे बीपलला दाखवायचं होतं. विनोद झकास आहे. पण फोटोचं चित्र होताना आत काय झालं, ते बघणाऱ्याला कळत नाही.

मुंबईतलं उदाहरण

शिल्पा गुप्ता मुंबईच्या. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिल्पकला शिकल्या. 'वर्ड्स कम फ्रॉम इयर्स' (२०१८) या कामात त्यांनी परदेशातल्या स्टेशनांवर आणि विमानतळांवर असायची तशी फडफडणारी पाटी वापरली. प्रत्येक अक्षराच्या जागी पट्ट्यांची एक गुंडाळी असते. मोटर ती फिरवते आणि हवं ते अक्षर आलं की थांबवते. गाडीच्या वेळेऐवजी इथे कवितेसारख्या ओळी येतात, काही शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं. यात एआय नाही. म्हणूनच फरक उठून दिसतो: चूक कुणी केली आणि का, हे विचारता येतं, कारण शब्द एका माणसाने निवडलेत. एआयने चुकीचं अक्षर काढलं तर विचारायचं कुणाला?

बिघडलं तर?

दक्षिण कोरियात नाम जून पाइक यांचा १००३ टीव्हींचा मनोरा आहे, १९८८ सालचा. सेट जुने झाले, धोका वाढला, म्हणून २०१८ मध्ये तो बंद ठेवावा लागला. मग ७३७ पिक्चर ट्यूबचे सेट दुरुस्त केले, उरलेल्या २६६ जागी नवे सपाट पडदे बसवले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा उजळला. सुटे भाग मिळवणं जिकिरीचं होतं, पण काम माणसाच्या हातातलं होतं.

मुदखेडच्या बाजारात एखाद्या जुन्या मेकॅनिकला पिक्चर ट्यूबचा टीव्ही दाखवा. मागचं झाकण काढून दोष कुठे आहे ते तो बोट ठेवून सांगेल. तोच टीव्ही एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवरच्या एआयला जोडलेला असेल आणि कंपनीने ते मॉडेल बंद केलं, तर खोकं ठणठणीत राहील, वायरी ठीक असतील आणि शिल्प मुकं होईल.

त्यामुळे अशी रील दिसली की कमेंटमध्ये तीन गोष्टी विचारा. एआय खोक्यातच आहे की इंटरनेटवर? तो कुणाच्या चित्रांवर आणि आवाजांवर शिकला? समोर उभ्या माणसाचा फोटो किंवा आवाज घेत असेल, तर तो नंतर कुठे जातो?