सातबारावाला मित्र पाहिजे

गेल्या शुक्रवारी हापिसात चहाच्या वेळी टीममधले चौघेजण माझ्यासाठी खुर्ची सोडून उठले, तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी काम आहे. काम असं होतं. मुळशीकडे एक स्कीम आलीय. तळं, क्लबहाऊस, घोडे (हो, घोडे), आणि गेटच्या आत एकेक एकराचे तुकडे. राहायचं वीकांताला, आणि दहा वर्षांनी विकलं की पैसे तिप्पट. अडचण एकच. जमीन अजून शेतीची आहे आणि चौघांपैकी कोणीही शेतकरी नाही. आपल्याकडे 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि मी? मी कोरीटचा, नंदुरबार जिल्ह्यातला. आप्पांच्या सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय.

"जमीन तुझ्या नावावर, पैसे पाचांचे. आपसात कागद करू," इति मंडळी. एजंट तर फोनवर इतका खूश झाला की मला क्षणभर वाटलं, मुलगी दाखवायला आणतो की काय! सहा वर्षांत माझ्या गावाबद्दल कोणी एवढ्या आपुलकीने चौकशी केली नव्हती.

कायद्याला बगल द्यायची हा मुद्दा तर आहेच. उद्या मी फिरलो, किंवा ट्रकखाली गेलो, तर तो आपसातला कागद कोर्टात कितपत चालेल, हे कोणीच विचारलं नाही. पण माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. 'राहणं' आणि 'गुंतवणूक' हे दोन शब्द एका ब्रोशरमध्ये एकत्र आले की आपल्यासारखी हिशोबी माणसंसुद्धा बेरीज विसरतात.

बेरीज करू या. माझा वाटा 40 लाखांचा. 20 वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 34,700 रुपये, म्हणजे वर्षाला चार लाख सोळा हजार. आता प्रामाणिकपणे सांगा, ऑनकॉल, पाहुणे, पाऊस, चांदणी चौकातला ट्रॅफिक वगैरे वजा जाता वर्षात किती वीकांत जाणार? वीस धरले, तेही फार झाले. एका वीकांताचे झाले 20,800. माळी, वॉचमन आणि क्लबची फी वेगळी. या भावात दर वेळी चांगल्या हॉटेलात राहून वर नाश्ता फुकट मिळेल.

"अरे पण भाव वाढतो ना!" वाढतो, घेणारा असेल तर. आणि घेणारा म्हणजे कोण, तर आपल्याचसारखा, वीस वीकांत जाणारा. तिथे कोणालाच रोज राहायचं नाहीये. जिथे कोणी राहत नाही तिथे दवाखाना, शाळा, किराणा टिकत नाही, आणि ते नाही म्हणून कोणी राहायला जात नाही. याला आमच्या भाषेत डेडलॉक म्हणतात.

उदाहरण शोधायला लांब जायला नको. लवासा त्याच बाजूला आहे, वरसगाव धरणाच्या काठी. 2001 साली 18 गावांची हद्द गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. दासव्यात इटलीतल्या पोर्टोफिनोसारखे रंगीत घाट उभे राहिले. 2008 साली तर राज्य सरकारने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला, म्हणजे कोड लिहिणाऱ्यानेच टेस्टिंगच्या रिपोर्टवर सही करायची! (2017 ला तो दर्जा काढून घेतला.) 2010 च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने पहिल्या टप्प्याला परवानगी मिळाली, पण गाडा काही नीट चालला नाही आणि ऑगस्ट 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं. जुलै 2023 मध्ये कंपनी लवादाने 1,814 कोटींची योजना मंजूर केली. तोवर मान्य झालेली देणी होती 6,642 कोटींची. 837 घरखरेदीदारांचे दावे मान्य झाले होते. त्यांना त्या योजनेत काय मिळालं? पर्यावरण परवानगी आल्यापासून पाच वर्षांत घर, तेही बांधकामाच्या प्रत्यक्ष खर्चाच्या हिशोबाने. ज्याने तिशीत बुकिंग केलं तो पन्नाशीला टेकला की हो!

आता कोणी म्हणेल, तेव्हा रेरा नव्हता. बरोबर. आता आहे, आणि चांगलाच आहे. पण रेरा बिल्डरला जाब विचारतो, शेजारी आणून देत नाही. आणि सातबाऱ्यावर पाच जणांनी गुपचूप केलेल्या व्यवहारात तर तो कुठून येणार?

त्या 18 गावांतल्या लोकांचं काय झालं, हे ब्रोशरमध्ये कधीच नसतं. 'निसर्गाच्या कुशीत' लिहायचं तर आधी कुशीतून कोणाला तरी उठवावं लागतं. गाव हवं, पण गावकरी नकोत. शेणाचा वास नको, पहाटेचा भोंगा नको, लाइट गेलेली नको. लाइट गेलेली मलाही नको, खोटं कशाला बोलू. म्हणून तर मी पुण्यात आहे.

रविवारी आप्पांना फोन केला. मिरची तोडणीला माणसं मिळत नाहीत हे सांगून झाल्यावर मी स्कीमचं काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तठे काय पिकस?"

म्हटलं, काही नाही. बघायला छान आहे.

"मंग कसाले लेवानी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन वर्षं ते ठिबकचं म्हणतायत आणि तीन वर्षं मी 'पुढच्या बोनसला' म्हणतोय. इकडे घोडेवाल्या तळ्यासाठी मात्र 40 लाखांच्या हप्त्याचं गणित अर्ध्या तासात मांडून झालं होतं. याची लाज वाटली, आणि अजून वाटतेय.

सोमवारी चौघांना मेल टाकली की माझं नाव वापरायचं नाही. दोघे अजून नीट बोलत नाहीत. ठिबकवाल्याचं कोटेशन मागवलंय. काल कँटीनमध्ये कळलं की त्यांना दुसऱ्या प्रोजेक्टमधला एक सातबारावाला मिळाला. सांगलीकडचा आहे, नवीनच लागलाय, आणि चहाला त्यालाही खुर्ची सोडतात म्हणे.