भूगर्भातील आकडा आणि वणीची काळी माती

यवतमाळ जिल्ह्याची ख्याती पांढऱ्या सोन्यासाठी, म्हणजे कापसासाठी आहे. त्याच जिल्ह्यातील वणी तालुक्यात काळ्या मातीखाली कोळशाचे जाड थर आहेत. एक दान घेताना दुसरे कायमचे गमवावे लागत असेल, तर खाली नेमके किती आहे, हा प्रश्न केवळ भूशास्त्रज्ञांचा राहत नाही.

भूगर्भातील साठा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ठरावीक अंतरावर छिद्रे घेऊन वर आलेल्या खडकाच्या कांड्या तपासल्या जातात आणि मधल्या भागाविषयी अनुमान बांधले जाते. कोळशाच्या बाबतीत छिद्रांतील अंतर साधारण ४०० मीटर असल्यास साठा ‘सिद्ध’ मानतात, एक-दोन किलोमीटर असल्यास ‘दर्शित’. त्याहून विरळ पुरावा असेल तर केवळ ‘अनुमानित’. देशाच्या कोळसा-मोजणीत १२०० मीटर खोलीपर्यंतचा साठा धरला जातो. तथापि वृत्तपत्रांत येते ती या सर्वांची एकत्रित बेरीज! पाहिलेले आणि कल्पिलेले तिथे एकाच तागडीत पडते.

या शास्त्राची खरी कसोटी सोन्याच्या खाणीत लागते. २००१ मध्ये बंद झालेली कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तिथे टनामागे काही ग्रॅमचा हिशेब असतो. एक नमुना समृद्ध, तर शेजारचा कोरडा. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींचा अभ्यास करणारे डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की, मोजक्या समृद्ध नमुन्यांवर विसंबल्यास अंदाज फुगतो; आसपासच्या नमुन्यांचा भार देऊन तो सावरावा लागतो. कोळशाचा थर सोन्याइतका लहरी नसतो, हे खरे. परंतु वर्धा खोऱ्यात प्रस्तरभंग आहेत, पश्चिमेकडे बेसाल्टच्या कातळाने थर झाकले आहेत. येथेही सावधगिरी अपरिहार्य आहे.

शिवाय, खाली शंभर टन आहेत म्हणून शंभर टन हाती येतात, असे नाही. भूमिगत खाणीत छत सावरण्यासाठी कोळशाचेच खांब सोडावे लागतात. जाड थरातून बहुधा तीनेक मीटर उंचीचाच भाग काढला जातो. उलट खुल्या खाणीत बहुतांश कोळसा निघतो, तोही स्वस्तात आणि कमी जोखमीने. म्हणूनच राजूर, कुंभारखणीच्या भूमिगत खाणींच्या परिसरात उकणी, निलजईसारख्या खुल्या खाणी विस्तारल्या. देशाला कोळसा हवा, याविषयी दुमत नाही. पण या हिशेबात शतकानुशतके पिकणारी जमीन कोणत्या रकान्यात मांडली जाते?

कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ नुसार संपादनाची अधिसूचना निघाल्यावर आक्षेपासाठी तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत शेतकऱ्याने नेमका कशावर आक्षेप घ्यावा? आपल्या शिवारात किती छिद्रे घेतली, किती साठा सिद्ध आहे, तो किती खोल आहे, भूमिगत मार्गाने किती निघेल, हे त्याला ठाऊक नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

भारतीय खाण ब्युरो आणि मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड यांची मुख्यालये नागपुरात आहेत, वेस्टर्न कोलफील्ड्सचेही. अंदाज मांडणारी विद्वत्ता विदर्भाच्या दारातच आहे. अपेक्षा एवढीच, की प्रत्येक नव्या प्रकल्पापूर्वी हा तपशील मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि भूमिगत पर्याय नाकारला असेल, तर त्याची कारणे आकड्यांसह द्यावीत.

खनिज एकदाच निघते. माती मात्र दरवर्षी पीक देते. ज्या आकड्यावर गाव उठते, तो आकडा गावाला वाचता आलाच पाहिजे.