पंचवीस म्हणजे डिस्टिंक्शन नव्हे

मंडळी, इथे न्यू जर्सीत शनिवारी सकाळी सात वाजता मी एका हायस्कूलच्या स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसलेला असतो, हे आमच्या ऑफिसात कुणाला खरं वाटत नाही. प्रॉडक्शन सपोर्टला इतक्या वेळेवर कधी आलो नाही म्हणा!

झालं असं की दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका मित्राने गळ घातली. त्याचा मुलगा शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे, आणि इथल्या स्पर्धांचा नियम असा की जितके संघ आणाल त्या प्रमाणात जजही आणायचे. मित्राला गावाला जायचं होतं, म्हणून मी गेलो. पुढच्या वेळी कुणाला तरी कळलं की हा 'कम्प्युटरवाला' आहे, आणि माझी बदली थेट टॅब रूममध्ये झाली.

टॅब रूम म्हणजे स्पर्धेची कंट्रोल रूम. कोण कुणाशी भिडणार, कुठल्या वर्गात, जज कोण, निकाल काय, सगळं इथून. पहिल्या दोन फेऱ्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या. तिसरीपासून जितके विजय सारखे तितके एका गटात, आणि गटातला पहिला शेवटच्याशी. वर अटी: एकाच शाळेचे संघ भिडायचे नाहीत, आधी भिडलेले पुन्हा नाहीत, जज त्या दोन्ही शाळांचा नको. गटात विषम संख्या आली तर खालच्या गटातला एक वर ओढायचा. पूर्वी हे प्रत्येक संघाचं एक कार्ड करून, टेबलावर पत्ते मांडल्यासारखं मांडून करत. आता टॅबरूम नावाचंच सॉफ्टवेअर ते काही सेकंदांत करतं.

म्हणजे इंजिनिअरला वाटतं ते कठीण काम मशीनच करून टाकतं. उरतात जज! ४० संघ म्हणजे फेरीला २० जज. स्क्रीनवर दिसत असतं की खोली क्रमांक अमुकच्या जजने अजून 'स्टार्ट' दाबलेलं नाही. मग कुणीतरी कॉरिडॉरमध्ये धावतं. गृहस्थ पार्किंगमध्ये फोनवर असतात. तोवर ती दोन पोरं ब्लेझर घालून रिकाम्या वर्गात बसून.

पण मला बोलायचंय ते गुणांबद्दल.

आमच्याकडे पब्लिक फोरम हा प्रकार जास्त. दोघांचा संघ, २००२ साली सुरू झालेला, आणि मुद्दाम असा बेतलेला की सामान्य माणसालाही ऐकून कळावं. त्यामुळे जज बहुतेक आईवडील. जज दोन गोष्टी देतो: कोण जिंकलं, आणि प्रत्येक वक्त्याला ३० पैकी गुण. आता कागदावर ३०, पण खरी पट्टी साधारण २६ ते ३०. बरं बोललेल्याला २८. पंचवीस म्हणजे "बाळा, काय हे!"

हे नवीन माणसाला कसं कळणार? आपल्या डोक्यात ३० पैकी २५ म्हणजे त्र्याऐंशी टक्के. डिस्टिंक्शन! घरी पेढे!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पाच फेऱ्या, मग वरचे ८ संघ क्वार्टरफायनलला. सात संघांचे चार किंवा पाच विजय, त्यांचा प्रश्न नव्हता. आठव्या जागेसाठी तीन-तीन विजयांचे डझनभर संघ, आणि आमच्या नियमात पुढचा निकष एकूण गुण. एका छोट्या सरकारी शाळेतल्या दोन मुली होत्या. त्यांचे फेरीवार गुण (दोघींचे मिळून) ५६.५, ५७, ५६, ५०, ५६.५. एकूण २७६. ज्या संघाला जागा मिळाली त्यांचे ५५.५, ५५.५, ५६, ५५, ५६. एकूण २७८.

तो ५० बघा. आणि गंमत म्हणजे ती फेरी त्या मुली जिंकल्या होत्या! मी जज काकांना शोधून काढलं, आपलेच निघाले. हळूच विचारलं, गुण बरोबर टाकलेत ना? म्हणाले, "हो तर! फार छान बोलल्या पोरी. दोघींना पंचवीस-पंचवीस दिले."

काय बोलणार? समोरच्या संघालाही त्यांनी चोवीस-चोवीस दिले होते. त्यांच्या पट्टीवर सगळं न्यायाचंच होतं.

आता, निकाल जाहीर व्हायच्या आत तो आकडा बदलावा का? माझं मत: अजिबात नाही. टॅब रूमने एकदा दयेपोटी हात घातला की दुसऱ्या वेळी ओळखीपोटी घालायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धा आठवा. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील', मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग ढाल. गुण कुणाला दाखवत नाहीत, का हरलो ते सांगत नाहीत. इथे निदान जजने लिहिलेलं कारण मुलांच्या हातात पडतं. तो विश्वास मोडू नये.

पण नियम आधी बदलता येतो ना! सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुणांची फेरी वगळायची आणि उरलेल्यांची बेरीज घ्यायची. कित्येक स्पर्धांत हाच पहिला निकष असतो. करून बघा: मुलींचे १६९, त्या दुसऱ्या संघाचे १६७. लॉगमधला एक वेडावाकडा आकडा आपण ग्राफ बिघडवू देत नाही, मग इथे का?

आमच्या टॅब प्रमुख बाई निवृत्त शिक्षिका, कार्डांच्या जमान्यापासून हे करतायत. त्यांना हे पूर्ण पटत नाही. म्हणाल्या, पाचपैकी दोन फेऱ्या फेकल्यास तर मुलांची सर्वांत चांगली फेरीही फेकलीस. मुद्दा बिनतोड नाही, पण खोटाही नाही. मी म्हटलं, मग प्रतिस्पर्धी किती जिंकले ते धरू. तर म्हणे, पहिल्या दोन फेऱ्यांत कोण वाट्याला येतं ते नशीब, त्यावर कसं तोलणार? यावर मी गप्प. चाळीस मिनिटं वाद, बाहेर पिझ्झा गार.

शेवटी ठरलं की पुढच्या सीझनपासून निमंत्रणपत्रातच वगळण्याचा निकष पहिला. शिवाय जजना द्यायचा सूचनांचा कागद मी लिहायचा. लिहिला. पहिलीच ओळ ठळक: '२५ म्हणजे नापासाच्या जवळ. ठीक बोलल्यास २८ पासून सुरुवात करा.'

तो लिहिताना आठवलं. माझी पहिली स्पर्धा, जज म्हणून. एका मुलीचं बोलणं इतकं आवडलं होतं की मी खूश होऊन तिला साडेपंचवीस दिले होते. जुने निकाल सगळे साठवलेले असतात, दोन क्लिकमध्ये सापडतील. ती कितवी आली ते मी अजून उघडून बघितलेलं नाही.