हिरवा ठिपका पुरेसा नाही



गेल्या महिन्यात नातीच्या बॅगेत पावडरचा एक मोठा डबा सापडला. ती दहावीत आहे, 400 मीटर पळते, जिल्हा स्पर्धेची तयारी चालली आहे. डबा हातात आल्यावर मी काय केले असेल? तुम्ही जे कराल तेच. चष्मा लावला, हिरवा ठिपका शोधला. मग बारीक अक्षरांत अंडे, जिलेटिन असे काही आहे का ते वाचले. नव्हते. "घे बाई, पण सूर्यास्ताच्या आत," एवढे बजावून डबा परत ठेवला.

संध्याकाळी सामायिकाला बसले तर मन काही लागेना. डब्याचे सील आधीच फोडलेले होते आणि लेबल एका बाजूने सोललेले होते. नातीला विचारले तर म्हणाली, "सरांनी दिलाय आजी, सगळ्यांनाच देतात." पैसे किती? दोन हजार. बिल? बिल नाही. मी जुनी बी.कॉम. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिते आहे. बिल नसेल तर मी दोनशे रुपयांची खरेदीही लिहीत नाही आणि इथे दोन हजारांची वस्तू पोरीच्या पोटात जात होती.

मला 2023 च्या सप्टेंबरमधली दिल्लीची बातमी आठवली. राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. उत्तेजक तपासणीचे अधिकारी येताच निम्मे खेळाडू पसार झाले. पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच जण उभा राहिला. आणि एक मुलगी शर्यत संपली तरी थांबेचना, तपासणीवाला मागे लागला म्हणून पुढे पळतच राहिली. तेव्हा घरात आम्ही सगळे हसलो होतो. आता हसू येत नाही. ती पोर कोणाची तरी नात असेल. तिला कोणी काय दिले होते, देव जाणे.

हे दोन-चार वाईट मुलांचे काम आहे असेही म्हणता येत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे वाडा. तिच्या 2023 च्या आकडेवारीत भारतातल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त, 3.8 टक्के.

खेळाचा नियम असा आहे की, शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "मला माहीत नव्हते" म्हटल्याने सुटका नाही. हिशेबाच्या दृष्टीने मला हे पटते. ज्याची सही, त्याची जबाबदारी. नाहीतर प्रत्येक जण म्हणेल, मला कोणीतरी पाजले. पण आपल्या धर्मात हिशेब इथे संपत नाही.

जपमाळेत 108 मणी का, हे पाठशाळेत शिकलेले आठवते ना? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. पाप येण्याच्या एवढ्या वाटा. यातले कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले आणि अनुमोदना म्हणजे कोणी केले त्याला बरे म्हटलेले. तिन्हींचा बंध पडतो. करवणारा सुटला, टाळ्या वाजवणारा सुटला, असे आपल्याकडे नाही.

खेळाच्या जगात मात्र बहुतेक वेळा कृतच पकडले जाते. 2010 मध्ये आपल्या मुलींनी राष्ट्रकुल आणि आशियाई या दोन्ही स्पर्धांत 4 गुणिले 400 मीटर रिलेचे सुवर्ण आणले. केवढा आनंद झाला होता! पुढच्याच वर्षी त्या चौघींपैकी तिघींच्या नमुन्यांत स्टेरॉइड सापडले. परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगमधून ते आले, असे त्यांचे म्हणणे होते. आधी एक वर्षाची बंदी झाली, मग क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिंपिक हुकले. प्रशिक्षकाला काढून टाकले, पण कपाळावरचा डाग राहिला तो मुलींच्या.

त्याआधीचे पूर्व जर्मनीचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. तिथे सरकारनेच योजना आखून खेळाडूंना, त्यात कोवळ्या मुलींनाही, निळ्या गोळ्या दिल्या. व्हिटॅमिन आहेत म्हणून सांगितले. होते ते पुरुषी संप्रेरकाचे औषध. मुलींचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस आले, पुढे कित्येकींना आजार जडले. देशाला पदके मिळाली. 2000 साली बर्लिनच्या कोर्टाने तिथले क्रीडाप्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मॅनफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवले, पण शिक्षा स्थगित ठेवली. दोघांपैकी कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही.

करवणाऱ्याला शिक्षेची तरतूद नियमांत आहे. पण खेळाडूविरुद्ध लघवीची बाटली साक्ष देते. देणाऱ्याविरुद्ध तोंडाने साक्ष द्यावी लागते आणि पंधरा-सोळा वर्षांची पोर आपल्या सरांविरुद्ध कुठे बोलणार?

आता अनुमोदना. इथे बोट आपल्याकडेच वळते. आपल्या राज्यात दहावी-बारावीला खेळाचे जादा गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. चांगलेच आहे, गरीब घरच्या किती मुलांचे भले झाले. पण त्यामुळे प्रमाणपत्र घरी येते तेव्हा ते कसे आले हे आपण विचारत नाही. पेढे वाटतो, स्टेटस ठेवतो. पोरगी दोन महिन्यांत एवढी दमदार कशी झाली, आवाज का बदलला, पाळी का चुकली, हे आईआजीने नाही विचारायचे तर कोणी?

मी दुसऱ्या दिवशी सरांना भेटले आणि बिल मागितले. ते हसले. "आजी, काळजी करू नका, व्हिटॅमिन आहेत." तोच शब्द! मी म्हटले, मग यात काय काय आहे ते कागदावर लिहून सही करून द्या. ते गप्प झाले. मी डबा बंद केला.

सूनबाई नाराज झाली. "अहो आई, सरांनी तिला संघातून काढले तर? जादा गुण जातील." तिचे चुकीचे नाही, आईचा जीव आहे. डब्यात नुसती पावडरच असेलही, सर मनाने चांगले असतीलही. तरीही मी मागे हटले नाही. नात दोन दिवस बोलली नाही. आता ती मोड आलेले मूग, भिजवलेले चणे, दूध आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन पळते. सर तिच्याकडे पूर्वीसारखे लक्ष देत नाहीत, हे तिलाही कळते आहे. हा तोटा मी वहीत खरा तसाच मांडला आहे.

मैत्रिणींनो, हिरवा ठिपका वस्तू शाकाहारी आहे एवढेच सांगतो, ती शुद्ध आहे असे नाही. खेळणाऱ्या मुलाच्या हातात डबा, गोळी, इंजेक्शन काहीही दिसले तर तीन गोष्टी विचारा. कोणी दिले? बिल कुठे आहे? यात काय आहे ते लिहून देता का? सर्दी-खोकल्याला डॉक्टरांकडे नेताना मूल स्पर्धेत खेळते हे आधी सांगा, कारण साध्या औषधांतही बंदी असलेले घटक असू शकतात. औषध तपासायला नाडा या आपल्या सरकारी संस्थेचे 'नो युअर मेडिसिन' हे मोबाईल ॲप आहे, नातवंडांकडून डाउनलोड करून घ्या.

येत्या रविवारी नातीची शर्यत आहे. ती कितवी येईल ते येईल. प्रतिक्रमणाला बसताना मला माझ्या अनुमोदनेबद्दल मिच्छामि दुक्कडम् म्हणायचे आहे. त्या पहिल्या दिवशी ठिपका बघून "घे बाई" म्हणाले होते ना, ती मीच होते.