धडा घरी यावा

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरकर गाढ झोपेत असतानाच अंबाझरी तलाव ओसंडला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि मदतीसाठी लष्कराला पाचारण करावे लागले. वाडीकरांना ही घटना परकी वाटू नये. ही नदी उगम पावते ती वाडीलगतच्या लाव्हा येथील टेकड्यांतच.

पूर का आला, याचा जाब प्रशासनाला विचारलाच पाहिजे. तथापि पाणी उंबरठा ओलांडते, तेव्हाचा पहिला तास कुटुंबाचाच असतो. त्या तासाची तयारी कोणी करावी? वडीलधारी मंडळी ‘पाहू पुढे’ म्हणतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आहे. दुर्दैवाने तो गुणपत्रिकेपाशीच थांबतो.

तो घरी आणण्याचे काम किशोरवयीन मुलामुलींनीच करावे. उपदेश नको, प्रश्न विचारावेत. आजीची औषधे रात्री चटकन हाती लागतील का? शिधापत्रिका, सात-बारा कोठे आहेत? विजेचे मुख्य बटण कोण बंद करील? चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे? उत्तरे मिळताच एका पिशवीत कागदपत्रे, औषधे, विजेरी भरावी. ११२, १०८, १०१ हे क्रमांक स्वयंपाकघरातील भिंतीवर लावावेत.

लेकराने आस्थेने विचारलेला प्रश्न आईबाप सहसा टाळत नाहीत. घरोघरी एक संध्याकाळ या प्रश्नांसाठी राखली जावी. तीही पुढच्या पावसाळ्याआधी.