दाताचे, पायाचे आणि 'खरे' डॉक्टर

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. अकराव्या दिवशी त्यांना घरी आणलं, आणि पुढचे पाच महिने रोज सकाळी साडेआठला एक फिजिओथेरपिस्ट बाई आमच्या नाशिकच्या घरी येत राहिल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला थांबवलं. बाबांना उठवताना आम्ही डाव्या हाताला धरून ओढत होतो. पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडतात, असं ओढलं तर सांधा जागचा हलू शकतो. हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मग कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, उभं राहणं आणि एक दिवस ओट्यापर्यंत सात पावलं. बाबा त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे. "डॉक्टर, आज राहू द्या" असं रोज म्हणायचे आणि रोज करायचे.

एका रविवारी ताई आली होती. बाई गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या डॉक्टर नाहीत. फिजिओ आहेत. उगाच डॉक्टर डॉक्टर काय?"

माझी ताई डेंटिस्ट आहे.

तिच्या लग्नाची बोलणी चालू असताना "मुलगी डॉक्टर आहे" म्हटल्यावर एका घरातून आलेलं उत्तर मला अजून आठवतं. "अच्छा, दाताची होय!" त्या 'होय'वर ती दोन दिवस धुमसत होती. पाच वर्षांचं शिक्षण, पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, पुढे जनरल मेडिसिन आणि सर्जरीसुद्धा, आणि तरी 'दाताची'. आज तिच्या खुर्चीत गुटखा खाऊन तोंड तीन बोटंही उघडत नाही अशी विशी-पंचविशीतली पोरं बसतात. गालाच्या आतला पांढरा चट्टा बघून ती त्यांना बायॉप्सीला पाठवते. तोंडाचा कॅन्सर वेळेत कळला तर तो बहुधा अशाच एखाद्या 'दाताच्या'मुळे कळतो. तिला डॉक्टर म्हणायचं नाही तर कुणाला? मग तीच ताई खालच्या पायरीवरच्या बाईला 'उगाच' कसं म्हणते? त्या रविवारी मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

पहिली गोष्ट अशी, की 'डॉक्टर' हा शब्द मुळात वैद्यकाचा नाहीच. तो लॅटिनमधल्या 'शिकवणे' या क्रियापदातून आला. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्राचे डॉक्टर होते, कायद्याचे होते, वैद्यकाचेही होते. लांब कशाला जा, महाराष्ट्रात ज्यांच्या नावाआधी 'डॉ.' सगळ्यात जास्त वेळा उच्चारलं जातं त्या बाबासाहेबांनी स्टेथोस्कोप कधी वापरला नाही. ते अर्थशास्त्रातले डॉक्टर, कोलंबिया आणि लंडन अशा दोन्हीकडचे. आणि एमबीबीएस म्हणजे काय? बॅचलर ऑफ मेडिसिन, बॅचलर ऑफ सर्जरी. दोनदा बॅचलर, डॉक्टर एकदाही नाही. जर्मनीत नुसती वैद्यकीची परीक्षा पास होऊन नावाआधी 'डॉ.' लावता येत नाही, त्यासाठी वेगळा प्रबंध लिहावा लागतो. इंग्लंडमध्ये तर सर्जन झाला की माणूस 'डॉक्टर'चा पुन्हा 'मिस्टर' होतो, आणि त्याचा त्याला अभिमान असतो. तिथे सर्जन आणि न्हावी १५४० ते १७४५ एकाच संघटनेत होते, त्याची ही आठवण. त्याच इंग्लंडने १९९५ मध्ये डेंटिस्टांना 'डॉ.' लावायची मुभा दिली. थोडक्यात, आपल्याकडच्या एमबीबीएसलाही 'डॉ.' समाजाने प्रेमाने दिलंय. प्रेमाने मिळालेल्या गोष्टीचा सातबारा नसतो.

मराठी माणसाला हे एकेकाळी नीट कळत होतं. नाटकाच्या जाहिरातीत डॉ. श्रीराम लागू असत, ते कान-नाक-घशाचे सर्जन. डॉ. काशिनाथ घाणेकरही असत, ते दातांचे. 'लाल्या'च्या एंट्रीला शिट्ट्या मारणाऱ्या पब्लिकपैकी कुणी "पण हे बीडीएस आहेत" म्हणून तिकीट परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

भांडण शब्दाचं नाहीच, उतरंडीचं आहे. सुपरस्पेशालिस्ट 'नुसत्या एमबीबीएस'ला हसतो, एमबीबीएस डेंटिस्टला हसतो, डेंटिस्ट फिजिओला. प्रत्येकाला वरच्याने दिलेला धक्का आठवतो आणि खालच्याला दिलेला आठवत नाही. उतरंड कशी टिकते हे आपल्याकडे कुणाला शिकवायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, की फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये. आधाराला १९१६ सालचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला कायदा. दुसऱ्याच दिवशी पत्र मागे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिजिओथेरपीच्या सरकारी अभ्यासक्रमात 'डॉ.' लावा, नावापुढे 'पीटी' लिहा, असं म्हटलेलं होतं. सरकारचंच एकमत नाही.

आता ताईचा मुद्दा, जो साफ खोटा नाही. पेशंट फसतो, असं ती म्हणते. पाठदुखी मणक्याच्या टीबीची असेल आणि पेशंट महिनाभर शेक घेत बसला तर? हे होऊ शकतं. पण नुकसान नक्की कशाने होतं ते बघा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात निकाल दिला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या माणसाने तापाला ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण गेला. कोर्टाने त्याला दोषी धरलं ते जे शास्त्र शिकला नाही त्याची औषधं दिली म्हणून, पाटीवरच्या दोन अक्षरांसाठी नव्हे. आणि याच महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एका वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी केली! औषधांचं फाटक उघडं टाकायचं आणि नेमप्लेटवर पहारा बसवायचा, ही कुठली रुग्णाची काळजी?

काळजी असेल तर पाटी बदला. आज पाटीवर 'डॉ.' हातभर असतं, खाली चिमुकल्या इंग्रजी अक्षरांत पदव्यांची रांग. आमच्या आजीला बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस हे सगळं सारखंच दिसायचं. त्याऐवजी नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत लिहा: 'दात आणि तोंडाचे उपचार', 'व्यायामाने उपचार, औषधं दिली जात नाहीत', 'होमिओपॅथी'. शंभर रुपयांचा रंग लागेल. मग 'डॉ.' कुणीही लावा. शिक्षण खरं असावं आणि नोंदणी असावी, एवढी अट पुरे.

हे सगळं मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तू आधी ईमेलखालचं 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' काढ." माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. कॅनडात 'इंजिनिअर' हा शब्द परवान्याशिवाय वापरण्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्यात, आणि शेवटी २०२३ मध्ये अल्बर्टा प्रांताला आमच्यासारख्यांसाठी कायदा बदलावा लागला, हे मी तिला सांगायला नको होतं.

"काढतो," म्हटलं. अजून काढलेलं नाही. बाबा मात्र आता काठी घेऊन कॉलनीच्या फाटकापर्यंत जातात, आणि तिथे भेटेल त्याला सांगतात, आमच्या डॉक्टरांनी चालवलं.